केळशीकर इफेक्ट

दमयंतीच्या आजारपणात जो माणूस ऑनलाइन फुलांचा गुच्छ पाठवून मोकळा झाला होता, तो धैर्यशील गावणकर ती गेल्यावर दोन महिन्यांनी काजूकतलीचा डबा घेऊन स्वतः सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगला आला. याला काहीतरी हवं आहे, हे दमयंतीच्या नवऱ्याने, श्रीधरने, डबा बघूनच ओळखलं.

"काय लांब राहता हो काका," बूट काढता काढता धैर्यशील म्हणाला. "टॅक्सीवाला विचारत होता, पुढे बोटीने जायचंय का."

"अमेरिकेत कॉन्फरन्सला जातोस त्यापेक्षा जवळ आहे," श्रीधर म्हणाला. "बस."

धैर्यशील हा दमयंतीचा लाडका विद्यार्थी. पुण्याहून पीएच.डी. करायला आला तेव्हा त्याला भातसुद्धा लावता येत नव्हता. दर शनिवारी तो यांच्याकडे जेवायला असायचा आणि जाताना डबा भरून न्यायचा. आता तो त्याच युनिव्हर्सिटीत, तिच्याच डिपार्टमेंटमध्ये, तिच्याच केबिनमध्ये प्रोफेसर होता. दमयंतीने आजारपणाची रजा घेतली त्याच आठवड्यात केबिन त्याला मिळाली. तात्पुरती, असं तेव्हा ठरलं होतं. दारावरची पाटी मात्र पक्क्या स्क्रूने बसवली होती.

श्रीधरने चहा केला. धैर्यशीलने घोट घेतला, डोळे मिटले आणि मुद्द्यावर आला.

"काका, मॅडमचं काम जिवंत राहिलं पाहिजे."

"बरं."

"आम्ही अर्ध्या दिवसाचं सिम्पोझियम ठेवतोय. त्यांच्या आठवणीत. जगभरातून लोक येणार. आणि मोठी गोष्ट म्हणजे," इथे तो थोडा थांबला, श्रीधरला भरून यायला वेळ मिळावा म्हणून, "मॅडमच्या त्या निष्कर्षाला आम्ही अधिकृत नाव देतोय. केळशीकर इफेक्ट. नवीन हँडबुकमध्ये त्यावर आख्खं प्रकरण आहे. मीच लिहितोय. कॉरिडॉरमध्ये पितळी पाटी लागणार. तुम्ही पाच मिनिटं बोला. काही जड नको. घरातल्या मॅडम कशा होत्या, चहा कसा लागायचा, असं काहीतरी ह्यूमन."

"आणि दुसरा पेपर?" श्रीधरने विचारलं.

धैर्यशीलने काजूकतली उचलली. स्वतःच आणलेली, पण आग्रह झाल्यासारखा चेहरा करून खाल्ली.

आता हा निष्कर्ष काय आणि दुसरा पेपर काय, ते सांगायला हवं.

दमयंती श्रम-अर्थशास्त्रज्ञ होती. लोक काम का करतात, कितीला करतात आणि कमी पैसे मिळत असूनही सोडून का जात नाहीत, याचा अभ्यास. श्रीधरने सगळी नोकरी जहाजदुरुस्तीत काढली होती. त्याच्या यार्डात या प्रश्नांचं उत्तर प्रत्येक वेल्डरला ठाऊक होतं: घरी खाणारी तोंडं आहेत. पण ते इतकं सरळ लिहिलं तर त्याचा पेपर होत नाही, हे त्याला लग्नानंतर कळलं.

सिंगापुरात घराघरांत परदेशातून आलेल्या बायका राहून काम करतात. त्यांना हेल्पर म्हणतात. त्यांच्यावर दमयंतीने मोठी पाहणी केली. हेल्पर भेटणार कुठे? रविवारी सुट्टीच्या दिवशी त्या पाया लेबारला जमतात, मॉलच्या आसपास चटया टाकून बसतात, डबे उघडतात, घरी व्हिडिओ कॉल करतात. दमयंती आणि तिचे विद्यार्थी रविवारमागून रविवार तिथे गेले. त्या संशोधनात श्रीधरचाही वाटा होता. तो घडीची स्टुलं वाहून न्यायचा.

निष्कर्ष असा निघाला की पगार कमी असला, दुसरीकडे जास्त मिळत असला, तरी या बायका मालक बदलत नाहीत आणि राहतात त्या राजीखुशीने. घराशी जीव जडतो, त्याची किंमत त्या स्वतःच पगारातून कापून घेतात. लोकांना हे फार आवडलं. पगार वाढवायला न लागणारं संशोधन लोकांना नेहमीच आवडतं. पेपर मोठ्या जर्नलमध्ये आला. त्याचा आधार घेऊन दुसरे पेपर आले, त्यांचा आधार घेऊन तिसरे आले. धैर्यशीलने त्यावर थिसिस केला, थिसिसवर नोकरी मिळवली आणि नोकरीवर लग्न. एकदा एका मॉलमध्ये हेल्पर पुरवणाऱ्या एजन्सीच्या काचेवर पेपरची बातमी चिकटवलेली श्रीधरने पाहिली. खाली एजंटने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'प्रेमाने वागवा, पगार आपोआप परवडेल.' त्याने गमतीने फोटो काढून दमयंतीला दाखवला. ती हसली नाही.

मग ती आजारी पडली. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात सारख्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर देतील त्या तारखेला जायचं आणि नंबर येईपर्यंत बसायचं. तिथे थंडगार हॉलमध्ये व्हीलचेअरवर म्हातारी माणसं आणि प्रत्येक खुर्चीमागे एक हेल्पर. दमयंतीला गप्प बसवायचं नाही. आधी तिने शेजारच्या बाईला नाव विचारलं. मग गाव विचारलं. मग सवयीने विचारलं, "रविवारी काय करतेस?"

"संडे?" ती बाई म्हणाली. "आजीला संडेला कोण बघणार?"

दमयंतीने पुढच्या बाईला विचारलं. तिच्या पुढच्या बाईला विचारलं. त्यातल्या बहुतेकींना रविवार म्हणजे काय ते फक्त टीव्हीवरून कळत होतं. सलाईनची नळी हाताला असताना ती श्रीधरकडे वळली. चेहऱ्यावर असा आनंद की नर्सला वाटलं औषध लागू पडलं.

"श्रीधर, मी गाढव आहे," ती म्हणाली. भारतात चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची, चांगी विमानतळावर विमान टेकलं की 'श्रीधर' सुरू. "मी फक्त रविवारी विचारलं. ज्यांना रविवार मिळतो त्यांनाच विचारलं! ज्यांचे मालक बरे, त्याच पाया लेबारला येणार. त्या खूश असणारच. बाकीच्या मला भेटल्याच कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे समज, तू जहाज गोदीत न घेताच तपासलंस आणि पाण्याच्या वर दिसणारा रंग बघून पास केलंस."

"मी असं केलं असतं तर मला नोकरीवरून काढलं असतं."

"मला बढती मिळाली," दमयंती म्हणाली.

तिने निहारिकाला बोलावून घेतलं. निहारिका मुंबईची, डिपार्टमेंटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर पोस्टडॉक. दोघींनी नीट परवानग्या काढून हॉस्पिटलांतल्या आणि दवाखान्यांतल्या बायकांची पाहणी केली. ताकद असे तेव्हा दमयंती, नसे तेव्हा निहारिका. उत्तर उलटं आलं. ज्यांना सुट्टी नाही त्या बायका राहत होत्या, कारण दुसरी नोकरी शोधायला बाहेर पडायलाच मिळत नव्हतं. जीव जडला वगैरे काही नव्हतं. जीव अडकला होता.

तो दुसरा पेपर. तिने तो लपवला नाही, कपाटात ठेवला नाही. सगळ्यांना पाठवला. उत्तरं आली, 'फार रंजक', 'तब्येतीची काळजी घ्या', 'सवडीने वाचतो'. जर्नलला पाठवला तेव्हा नियमाप्रमाणे लेखकाचं नाव झाकून तपासायला दिला. तपासनीसाने, तोही निनावी, पेपर परत केला. पहिला निष्कर्ष किती रोबस्ट, म्हणजे भक्कम, ते लांबलचक सांगून शेवटी शेरा होता: 'लेखकाला केळशीकर यांचं मूळ काम नीट समजलेलं दिसत नाही.'

दमयंती खोकला येईपर्यंत हसली.

"धैर्यशील आहे हा," ती म्हणाली. "एका वाक्यात दोनदा 'रोबस्ट' त्याच्याशिवाय कोणी लिहीत नाही. मी किती वेळा खोडलंय!"

"फोन करू त्याला?"

"कशाला? त्याचं सगळं घर त्या पहिल्या पेपरवर उभं आहे. मीच बांधून दिलंय." मग न हसता म्हणाली, "मी गेले की हे लोक काहीतरी सोहळा करतील. बघच तू. त्या चुकीला माझं नाव देणार असतील तर दुसरा पेपर शेजारी लावा म्हणावं. नाहीतर नाव नको. एवढं बघशील?"

"बघतो," श्रीधर म्हणाला होता. त्यानंतर तिने त्याला असं दुसरं काही मागितलं नाही. मागायला वेळही फार उरला नव्हता.

म्हणून धैर्यशीलची काजूकतली संपेपर्यंत तो थांबला आणि पुन्हा म्हणाला, "दुसरा पेपर."

"काका, तो वर्किंग पेपर आहे. सँपल लहान आहे. आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका, मॅडम तेव्हा बऱ्या नव्हत्या. आजारपणात माणूस हळवा होतो. त्यांची लेगसी आपणच जपली पाहिजे ना?"

"तिच्यापासून?"

"असं काय बोलता काका! तर मग नावाचं नक्की समजू ना?"

"बघू," श्रीधर म्हणाला.

धैर्यशील उठला, वाकून नमस्कार केला, रिकामा कप स्वतः सिंकमध्ये ठेवला. जाताना जुन्या सवयीने ओट्याकडे एक नजर टाकली. तिथे त्याच्यासाठी भरलेला डबा नव्हता.

रविवारी मैत्रेयी आली. ही त्याची मुलगी, पाया लेबारला एका कंपनीच्या लीगलमध्ये. आई गेल्यापासून दर रविवारी यायची, फ्रीज उघडून बापाने काय खाल्लं नाही ते तपासायची.

"बाबा, प्लीज सीन नको करू, lah," ती तिच्या सिंगापुरी थाटात म्हणाली. "पाच मिनिटं बोल आणि खाली बस. Everybody very sad already."

"आईने सांगितलं होतं."

"I know, मी पण होते ना तिथे. पण they can name whatever they want. इफेक्टवर कोणाचं ओनरशिप नसतं." मग फ्रीजमध्ये डोकं घालूनच ती म्हणाली, "नाव तर तुझंच आहे, by the way. आईचं नाहीच ते. Funny, right?"

श्रीधरने तिच्या पाठीकडे पाहिलं. "परत बोल."

"No, no, no. बाबा, मी काही बोलले नाही."

भाषण त्याने इंग्रजीत लिहून काढलं. त्याचं इंग्रजी यार्डातलं. आधी दमयंती लाल पेन घेऊन बसायची आणि 'श्रीधर, हे वाक्य बुडालं' म्हणायची. या वेळी सगळी वाक्यं तरंगत होती की बुडत होती, सांगायला कोणी नव्हतं. मैत्रेयी म्हणाली, मी बघते. तो म्हणाला, राहू दे.

सिम्पोझियम छान झालं. बाहेर टेबलावर करी पफ आणि सँडविच होती. पडद्यावर दमयंतीचा फोटो होता, आजारपणाच्या आधीचा, कारण नंतरचे फोटो कोणाकडे नव्हतेच. काढायला कोणी आलं नव्हतं. पहिल्या वक्त्याने दमयंतीने आपल्यावर किती प्रभाव टाकला ते सांगितलं आणि मग आपल्या नव्या पेपरबद्दल बोलला. दुसऱ्याने दमयंतीवर आपण किती प्रभाव टाकला ते सांगितलं. एक गृहस्थ, 'माझा प्रश्न नाही, छोटी टिप्पणी आहे,' असं म्हणून उठले आणि त्यांना बसवायला चहाची वेळ जाहीर करावी लागली. धैर्यशीलने आलेखावर आलेख दाखवले. सगळे रोबस्ट होते. श्रीधरने मोजायचं सोडून दिलं. दुसऱ्या पेपरचा उल्लेख कोणीही केला नाही. सर्वांत मागच्या रांगेत निहारिका बसली होती. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं धैर्यशीलच्या हातात होतं, त्यामुळे ती अगदी गप्प होती. श्रीधरने तिला दोष दिला नाही. सोडून जाता न येणाऱ्या माणसांवरच तर तो पेपर होता.

भिंतीवर पाटी होती, तिच्यावर निळा पडदा आणि पडद्याला दोरी. डीन, प्रोफेसर को नावाच्या शांत बाई, दोरीजवळ उभ्या राहिल्या. धैर्यशीलने श्रीधरला माइक दिला आणि हळूच म्हणाला, "पाचच मिनिटं हं काका. ह्यूमन."

श्रीधरने कागद काढला. मग परत खिशात ठेवला.

"माझी बायको लग्नाआधी दमयंती बापट होती," तो म्हणाला. "केळशीकर हे नाव तिने माझ्याकडून घेतलं. कोकणात केळशी नावाचं गाव आहे, तिथलं. आमच्या घराण्यात आजवर कोणी कसला शोध लावला नाही. पणजोबांनी एक विहीर खणली होती. तिला पाणी लागलं नाही. तरी गावात तिला अजून केळशीकरांची विहीर म्हणतात. घराण्याच्या नावावर एक कोरडी विहीर आहे, तेवढी पुरे."

काही लोक हसले. ह्यूमन चाललंय असं त्यांना वाटलं.

"माझ्या बायकोने एक निष्कर्ष काढला आणि मग तो चुकला हे स्वतःच शोधलं. नोव्हेनाला, सलाईन चालू असताना. दुसरा पेपर तुम्हां सगळ्यांकडे आहे. तिने स्वतः पाठवला. तुम्ही सवडीने वाचणार होतात. तिला सवड नव्हती. ती म्हणाली, दोन्ही पेपर एकत्र लावा, नाहीतर नाव नको. ती आता सांगू शकत नाही. पण आडनाव माझं आहे आणि मी इथे उभा आहे. एकट्या पहिल्या पेपरला मी ते देत नाही. बस."

मैत्रेयीने कपाळाला हात लावला होता, पण बोटांच्या फटीतून ती त्याच्याकडेच बघत होती.

प्रोफेसर को यांनी दोरी सोडली आणि धैर्यशीलला विचारलं, "कुटुंबाची संमती आहे असं तू मला लिहिलं होतंस."

"हो, म्हणजे, अंकल म्हणाले होते..." धैर्यशील चाचपडला. "ते 'बघू' म्हणाले होते."

"त्याचा अर्थ काय?"

धैर्यशील पुण्याचा. त्याला अर्थ ठाऊक होता. उत्तर मात्र मागच्या रांगेतून आलं.

"त्याचा अर्थ नाही असा होतो, प्रोफेसर," निहारिका म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

डीनबाईंनी विचारलं, दोन्ही पेपर लावायला काय हरकत आहे? धैर्यशील म्हणाला, मग आलेखांचं काय? हँडबुक छापायला चाललंय. डीनबाई म्हणाल्या, मग नामकरण पुढे ढकलू. पडदा तसाच राहिला आणि लोक करी पफकडे गेले.

तिथे धैर्यशीलने श्रीधरला गाठलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात 'रोबस्ट' नव्हतं. "काका, मॅडमचं नाव कायमचं राहिलं असतं. तुम्ही तुमच्या हाताने पुसलंत ते."

ऑफिसातल्या मुलीने पाटी कागदात गुंडाळून आणून दिली. करून झालीच आहे तर तुम्ही न्या, म्हणाली. जड होती. तो आणि मैत्रेयी MRT ने, इथल्या मेट्रोने, निघाले. पिशवी त्याच्या मांडीवर होती.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "पण ती भिंत आता रिकामीच राहणार ना, बाबा."

तोही तोच विचार करत होता. शब्द पाळला होता हे खरं. पण दमयंतीने इतकी वर्षं जिथे काढली, तिथे तिच्या नावाचा आता एक स्क्रूही नव्हता. तिने हे मागितलं तेव्हा तिला तरी हे असं रिकामं दिसेल याची कल्पना होती का? विचारायची सोय नव्हती. सेम्बावांग येईपर्यंत त्याने पिशवी खाली ठेवली नाही.

भिंत मात्र रिकामी राहिली नाही. अर्थशास्त्रात जागा फार काळ रिकामी राहत नाही. पुढच्याच महिन्यात धैर्यशीलची ईमेल आली. भाषा अतिशय नम्र होती. हँडबुकच्या संपादकांना काहीतरी नाव हवंच होतं, पुढचे सगळे पेपर आपले असल्यामुळे त्यांनी फारच आग्रह केला, आपला नाइलाज झाला, तेव्हा यापुढे तो गावणकर इफेक्ट म्हणून ओळखला जाईल आणि कॉरिडॉरमध्ये तशीच पाटी लागेल. काकांनी आशीर्वाद द्यावेत.

श्रीधरने एका बोटाने टाइप केलं: 'अभिनंदन. हे तुलाच शोभतं. मनापासून.' आणि ते अगदी मनापासून होतं.

निहारिकाचा फोन आला तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये दाराबाहेर स्टुलावर बसून हॅक्सॉ करवत चालवत होता. पाया लेबारला नेलेल्या स्टुलांपैकीच एक.

"काका, ऐकलंत का? आपला पेपर त्याच जर्नलने पुन्हा मागवलाय! मी सगळीकडे 'केळशीकर' काढून 'गावणकर' घातलं आणि पाठवला. आता त्यांना तो वाद वाटतोय. जिवंत माणसाशी वाद असला की ते छापतात म्हणे. लेखक म्हणून केळशीकर आणि माझं, अशी दोन नावं. हॅलो? कसला आवाज येतोय?"

"पितळ कापतोय."

"का?"

"तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं काय झालं?"

"नाही वाढवलं. मी दुसरीकडे अर्ज केलेत. मला रविवार मिळतो, काका," निहारिका हसत म्हणाली.

फोन ठेवून त्याने उरलेलं कापलं. पाटीवर वरच्या ओळीत 'केळशीकर', खालच्या ओळीत 'इफेक्ट' आणि त्याखाली बारीक अक्षरांत तो निष्कर्ष, असं सगळं इंग्रजीत कोरलेलं होतं. पहिल्या ओळीच्या खाली त्याने आडवी करवत घातली होती. खालचा तुकडा भंगारात टाकला. वरच्या तुकड्याच्या कडेला कानस मारली, हाताला लागू नये म्हणून.

या फ्लॅटच्या दाराला कधीच नाव नव्हतं. दमयंती म्हणायची, अरे, एक पाटी लाव, घर आहे की गोदाम? तो म्हणायचा, पोस्टमन नंबर बघून येतो, नाव कशाला? असं म्हणता म्हणता सगळी वर्षं गेली.

त्याने ड्रिल काढलं, दाराशेजारच्या भिंतीत भोकं पाडली आणि स्क्रू आवळले. मैत्रेयी त्याच वेळी लिफ्टमधून बाहेर आली, हातात भाजीची पिशवी. दारासमोर उभी राहून तिने डोकं एका बाजूला कलतं केलं.

"Crooked, lah, बाबा."

श्रीधर दोन पावलं मागे सरकला. खरंच तिरकी होती. शेवटच्या 'R' च्या बाजूने खाली गेली होती. दमयंतीने लगेच पकडलं असतं आणि काढून पुन्हा लावायला लावली असती.

"काढतो," तो म्हणाला, आणि स्क्रू सैल करायला लागला.